पायाचं मशीन

शिंपीणबाईंच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला, तेव्हा डायलिसिसच्या खोलीत व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "किडनी बिघडली की हाडंही ठिसूळ होतात. पडून राहाल तर आणखीच लवकर. रोज उभ्या राहा, टाचा उचला. हात मात्र न हलणाऱ्या वस्तूवर हवा."

घरात न हलणारी वस्तू एकच, पायानं चालवायचं शिलाई मशीन. लोखंडी पायांचं ते धूड सरकवायला दोन गडी लागत. त्याच्या फळीवर हात टेकून शिंपीणबाई गिऱ्हाइकांदेखत टाचा उचलायच्या. बायका हसायच्या, हसू देत. संडासला आपल्या पायांनी जायचं, नणंदेच्या हाती अब्रू द्यायची नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

नणंदेला नेमकं तेच खुपायचं. भाऊ वारल्यापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि ही आजारी बाई अजून तिला हाक मारत नव्हती!

"कशाला नाचतेस गं? गप पडून राहा. मी आहे ना उठवायला-बसवायला."

एकदा शिंपीणबाई डायलिसिसहून परतल्या, तर मशीन गायब. तिथं चाकांच्या टेबलावर विजेचं चिमुकलं मशीन. शेजारणी कौतुकाला जमलेल्याच होत्या.

"तुझ्या पायांना त्रास नको म्हणून आणलं. जुनं भंगारात गेलं," नणंद म्हणाली.

शिंपीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अशी नणंद मिळायला नशीब लागतं म्हणणाऱ्या चारचौघींत तोंड कसं उघडणार?

"वन्सं, मी टाचा कशाला धरून उचलू?" त्यांनी एवढंच विचारलं.

"टेबल आहे की. ते काय पळून जातंय?"

शिंपीणबाई भिंतीला धरून जपून वावरू लागल्या. पण उभा जन्म त्या मशीनवर गेलेला. एका सकाळी शिवण संपवून उठताना हात आपसूक फळीवर गेला, अंगाचा भार पडला आणि टेबल खरोखरच पळालं. हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला.

मांडीचं हाड होतं. इतक्या पोखरलेल्या हाडात स्क्रू धरणार नाही, डॉक्टर म्हणाले. नणंद भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "तरी मी म्हणत होते, नाचू नकोस."

त्यांना घरी आणून खाटेवर ठेवलं. मग नणंदेनं दोन गड्यांकरवी एक टेबल आत आणवलं. वर नवी फळी, खाली तेच लोखंडी पाय.

"भंगारात द्यायला जीव होईना. माळ्यावर टाकलं होतं. तुझं शौचाचं भांडं ठेवायला बरं." दोन्ही हातांनी तिनं टेबल हलवून पाहिलं. "बघ, किती भक्कम!"

ती बाहेर गेली. शिंपीणबाईंनी हात लांबवला. फळी वीतभर दूर राहिली.

बराच वेळ त्यांनी कळ काढली. शेवटी हाक मारावीच लागली.

"वन्सं!"

बाहेर नणंद शेजारणीशी हसत बोलत होती. तिनं आधी आपलं बोलणं पुरं केलं.