तीन सेकंदांची शांतादेवी

खंडेनवमीला ज्याचं पोट ज्या हत्यारावर चालतं, त्याची तो पूजा करतो. शेतकरी विळा पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो. मग मांजरसुंब्याच्या चौकात भाड्याने सिनेमे देणाऱ्या सिद्धारामअप्पांनी काय पुजावं? सीड्याच की! त्यांच्या बायकोने, शांतादेवींनी, दुकानातल्या झाडून साऱ्या सीड्या सतरंजीवर मांडल्या आणि ओल्या बोटांनी प्रत्येकीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. तेही चकचकीत बाजूला, कारण विभूती तोंडाला लावतात, पाठीला नाही. संध्याकाळी अप्पांनी ती वाळलेली राख उपरण्याने खसाखसा पुसली. झालं! दसऱ्याच्या सकाळी एकही सीडी धड चालेना.

बाकीच्या सीड्या बीडहून पुन्हा आणता आल्या असत्या. एक मात्र येणार नव्हती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आप्पारावांनी आठ वर्षांपूर्वी कपिलधारला हौसेने एक सिनेमा काढला होता. त्यात हिरॉईन धबधब्याजवळ घसरून पडते आणि घागर घेऊन चाललेली एक बाई मागे वळून खळखळून हसते. ती बाई म्हणजे शांतादेवी. मोजून तीन सेकंद. आप्पारावांनी यंदा कुठे त्याची एकुलती एक सीडी करून दिली आणि लगेच मूळ टेपवर कुणाचं तरी बारसं उतरवलं. शांतादेवी सिनेमात होत्या याचा पुरावा आता एवढाच उरला होता, आणि त्याच सीडीला त्यांनी प्रेमाने सगळ्यात जाड पट्टे ओढले होते.

त्यात शेजारच्या कौशल्याबाई! "सिनेमात म्हनं! ह्या!" असं त्या आठ वर्षं नाक मुरडत होत्या. आज दुपारी त्या चार बायकांना घेऊन खात्री करायला येणार होत्या.

लेक प्रणिता बीडला कॉम्प्युटर शिकत होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हायरसने ठाण मांडलं, तेव्हा तिनेच विंडोज काढून त्यावर लिनक्स चढवलं होतं. सीडीवरचा सिनेमा कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवणारी तीन फुकटची सॉफ्टवेअरं तिने नेटकॅफेतून आणून ठेवली होती. तिने सीडी धुतली, ओरखडे पाहिले आणि तिला हसूच आवरेना.

"हासतीस काय? कुनी केलंय हे सॉफ्टवेअर?" शांतादेवींनी स्थळ बघावं तशी चौकशी मांडली.

"जगभरातल्या लोकांनी मिळून."

"अन् फुकट कावून देतेत?"

"हौस, आई. आप्पारावकाकांवानी."

हे मात्र शांतादेवींना पटलं.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं, रंगीबेरंगी बटणांचं. पहिल्याच ओरखड्याशी त्याने हात टेकले आणि ते बंद पडलं.

"नाजूक हाय," शांतादेवी म्हणाल्या. "दुसरं दाव."

दुसरं भलतंच चपळ निघालं. वीस मिनिटांत सिनेमा कॉम्प्युटरमध्ये! अप्पांनी टाळी वाजवली. पण पाहतात तर काय, हिरॉईन घसरली आणि पुढच्याच क्षणी कोरड्या पातळात अंगणात रांगोळी काढत बसली. हे सॉफ्टवेअर खराब जागा दिसली की सरळ उडी मारून पुढे जात होतं.

"मी कुठंय गं?" शांतादेवींनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान झाला, की प्रणिताचं हसणं जागच्या जागी थांबलं. तिला आईची फार माया आली.

तिसऱ्याला ना बटण, ना रंग; काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. पण गडी चिवट. एकच जागा शंभरदा वाचायचा. कॉम्प्युटर कण्हायला लागला. अप्पा म्हणाले, "पोरी, जळंल ते!" प्रणिता म्हणाली, "जळू द्या!" तेवढ्यात कौशल्याबाई फौजेसह येऊन टेकल्या आणि इकडे काम संपलं.

सिनेमा लागला. हिरॉईन घसरली. घागरवाली बाई वळली, खळखळून हसली, आणि तशीच थांबली! हसू वाचलं होतं, त्यापुढचे चाळीस सेकंद मात्र काही केल्या वाचले गेले नव्हते. जिथं वाचता येत नाही तिथं शेवटचं चांगलं चित्र धरून ठेवायचं, ही त्या गड्याची रीत. हिरो-हिरॉईनचं गुलुगुलु पार गायब, आणि त्या जागी पडदाभर शांतादेवी, हसऱ्या, हलायचं नाव नाही.

"अगं बया!" कौशल्याबाई उठूनच उभ्या राहिल्या. "हिरॉईन तर हीच हाय की वो! पुन्ना लाव गं, प्रणिता!"

चार वेळा लावला. अप्पा दर वेळी नव्याने लाजले.

बायका गेल्यावर प्रणिता आईच्या कानाशी लागली. "तो अडकलेला तुकडा काढता येईल बरं का. हसणं तेवढं राहील, तीन सेकंदांचं."

"हात तर लाव!" शांतादेवींनी डोळे वटारले. "ह्येच सॉफ्टवेअर ठेव. बाकीची दोन्ही दे हाकलून."

आणि आनंदाच्या भरात त्या आतून विभूतीचा डबा घेऊन थेट कॉम्प्युटरकडे निघाल्या. अप्पा "अगं, अगं!" करत धावले. प्रणिताने आधी झटकन सीडीचा कप्पा आत ढकलला, मग आडवी येऊन स्वतःचं कपाळ पुढे केलं.

"इथं लाव, आई," ती म्हणाली. "जाड वढ."