इचवाचा मंतर

उकव्याच्या डोमाजीचं नाव घेतलं का इचू आपली शेपूट पोटाखाली दाबे, असं लोक सांगत. खोटं वाटत असंन त उकव्याच्या कोणत्याई गोट्याले विचारा. मँगनीजच्या खाणीचं गाव. गोटा उचलला का खाली इचू. डसला का माणूस धावत डोमाजीकडे. डोमाजी डोळे मिटे, निंबाची डगाल फिरवे अन् ओठातल्या ओठात मंतर म्हणे. वीस वर्षांत त्याच्या हातून एकई माणूस गेला नव्हता.

पण एक गोष्ट फक्त त्याच्या बायकोले, जिजाबाईले ठाऊक होती. बापानं देल्ला मंतर डोमाजी कवाच विसरलाता. आता तो बालाघाट-गोंदिया छोट्या गाडीची टेसनं म्हणे. "कनकी, हट्टा रोड, खारा, बिरसोळा..."

जिजाबाई टोमणा मारे, "गोंदिया आलं का मले बी सांगा जी, बांगड्या घ्याच्या हायेत."

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात नागपूरची वल्लरी आली, इचवाच्या इखावर शोध करणारी. तिनं शाळेची एक खोली घेतली, गोट्यांखालचे इचू धरून टोपल्यात जमवले अन् निरोप धाडला, डोमाजीबाबाले बोलवा.

डोमाजीनं जिजाबाईले चुलीपाशी गाठलं. "जिजे, पोरगी मंतर विचारन. पोल खुलली त उद्या मले कुत्रं विचारणार नाई."

"मंग कोणत्या गाडीनं पळता?" म्हणत जिजाबाई सोबतच निघाली.

खिडक्यांले घोंगड्या टांगून भर दुपारी अंधार केलता. खाणीवरचा भोजराज अन् अर्धं गाव भिंतीले टेकून उभं. वल्लरीनं जांभळा लाईट लावला, अन् बाप्पा! टोपल्यातले इचू हिरवेगार चमकाले लागले, जसं चांदण्यानं अंडी घातली. डोमाजीची जन्माची वळख इचवासंग, पण हे रूप त्यानं पाह्यलं नव्हतं.

वल्लरीनं एक इचू चिमट्यात धरला, शेपटीले तार लावून कणभर करंट देल्ला. टोकावर थेंब आला, मोहरीएवढाई नाई. इचू जित्ताच वापस टोपल्यात.

"या थेंबात शंभरेक जिनसा आहेत, बाबा. कोणती जीव घेते, कोणतीची दवा होईल, ते एकेक वेगळी करून पाहायचं."

"एका थेंबात शंभर!" डोमाजी भेव विसरला. उकिडवा बसून आपल्याच मनानं इचू निवडाले लागला. "हा काळा, जाड चिमट्याचा. बोंबलवते, पण मारत नाई. हा लहान, लाल, चिमटे बारीक, शेपूट जाड. हा यमाचा साळा."

वल्लरीचा पेन थांबला. "आम्ही हेच विष तपासून तपासून शिकलो. तुम्ही नुसत्या नजरेनं सांगता? मग उतरवता कसं? तुम्ही सांगाल तेच लिहिते."

"हौ काका, आज मंतर ऐकूच द्या!" भोजराज वरडला.

डोमाजीनं तिच्या वहीत डोकावलं. कोणता इचू, कोणत्या गोट्याखाली, किती वजनाचा, सारं बारीक अक्षरात. अशा वहीत खोटं कसं बसवाचं? त्यानं वहीच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"लिव बाई. मंतर मले येत नाई. मी टेसनं म्हणतो."

कोणीतरी फिसकन हासलं. जिजाबाई कडाडली, "दात काय काढता? लाल असला त काय करता, ते सांगा ना या लोकायले!"

"पहिले विचारतो, लाल का काळा," डोमाजी हळूच म्हणाला. "काळा असला त दर्द आपसूक उतरते, तवरिक टेसनं म्हणून त्याले धीर देतो. लाल असला त सिद्दा बसमधी टाकून बैहरच्या दवाखान्यात. मी संग जातो. टेसनं बसमधी म्हणतो."

वल्लरी उठली अन् हात जोडले. "बाबा, 'लाल का काळा', हाच तुमचा मंतर. लोक त्याच्यानंच वाचले." वहीच्या पानावर सगळ्यात वर तिनं डोमाजीचं नाव लिवलं.

तरी घरी आल्यावर डोमाजीनं डगाल कोपऱ्यात टाकून देल्ली. वाटे, आता कोण येते?

तिसऱ्या दिवशी भोजराज एका पायावर उड्या मारत आला, हातात डबा. "काका, काळा हाय! जाड चिमट्याचा! जित्ताच आणला, बाईसाठी. पण... टेसनं म्हणा ना जी."

डोमाजीनं पहिले डब्यात नीट पाह्यलं. मंग निंबाची डगाल उचलली.

"कोठून चढतं रे गाडीत?"

"बालाघाटहूनच," भोजराज कण्हला. "लय दुखून राह्यलं."