चारशे सतरा नंबरचं कार्ड

लॅपटॉपची वायर पाण्याच्या मशीनच्या पोटात खुपसून शहादेव उकिडवा बसला होता आणि चेअरमन अर्जुनराव त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. छत्री शहादेवसाठी नव्हती, लॅपटॉपसाठी होती. उन्हात पडदा दिसत नाही.

मशीन वडवणी तालुक्यातल्या त्या गावच्या सहकारी पाणी संस्थेचं. कार्ड टेकवलं की दोन घागरी पाणी सुटायचं, दिवसातून एकदाच. आतला बोटाएवढा कंट्रोलर शहादेवनेच आणला होता, त्यातला प्रोग्रॅमही त्यानेच लिहिला होता. आयटीआय झालेल्या पोराच्या हातून एवढं झालं याचं गावाला कौतुक होतं, आणि शहादेवला तर जरा जास्तच होतं. तरी तीन वर्षं तो रोजंदारीवरच होता. आज यादी नीट चढली की तुला कायम करतो, असं अर्जुनराव सकाळी बोलले होते.

यादी होती बंद करायच्या कार्डांची. संस्थेची टाकी भरणारे टँकर निम्म्यावर आले तेव्हा संचालकांनी ठराव केला, की जी घरं ऊसतोडीला गेलीत त्यांची कार्डं ती परत येईपर्यंत बंद. गावाला हे अजून सांगितलेलं नव्हतं. ऊसतोडीला कोयता चालवणारे हात जातात, म्हातारी माणसं घर राखायला मागेच राहतात, हे ठराव करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे. शहादेवने एकदा दबकत बोलून पाहिलं. म्हाताऱ्यांना कितीसं पाणी लागतं, तांब्याभर शेजारी मागून घेतील, असं म्हणून अर्जुनरावांनी विषय संपवला.

चारशे सतरा नंबर जालिंदरचा, शहादेवच्या धाकट्या भावाचा. वाटण्या झाल्या तेव्हा बाप शहादेवच्या वाट्याला आला आणि माय, तिच्या नावच्या रानासकट, जालिंदरच्या. बाप दोन वर्षांत गेला, शहादेव सुटला. जालिंदर दिवाळीनंतर बायकोला घेऊन कारखान्यावर गेला, तेव्हापासून माय त्याच्या पत्र्याच्या घरात एकटी होती. हा नंबर टाकताना शहादेवची बोटं थांबली होती, नाही असं नाही. पण घरचा नंबर वगळला असता तर गावभर बोभाटा झाला असता आणि कायम होणं राहिलं असतं बाजूला. त्याने टाकला.

पडद्यावरची पट्टी सरकत शंभरावर गेली. मशीन एकदा विझून पुन्हा सुरू झालं. आता कोणीही कार्ड टेकवलं की त्याचा नंबर वायरीतून येऊन पडद्यावर उमटणार होता, पुढे 'चालू' किंवा 'बंद'.

"बंदवालं एखादं लावून बघ," अर्जुनराव म्हणाले. "मंग सही करतो."

शोधायची गरज पडली नाही. रांगेत पहिली मायच होती. दगडाबाई तांबडं फुटायच्या आत घागरी घेऊन बसली होती. तिने कार्ड टेकवलं.

४१७ बंद.

तोटीतून थेंब आला नाही. पहिल्याच झटक्यात प्रोग्रॅम बरोबर चालला, आणि लाज वाटायच्या आधी शहादेवला बरं वाटलं. अर्जुनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते सही करायला ऑफिसात गेले.

"बिघडलं का रं, शहादेव?" मायने विचारलं.

खरं सांगावं तर अख्खी रांग ऐकत होती. माझ्या कार्डावर घे म्हणावं, तर त्याची बायको गीताबाई रांगेत सातवी उभी होती. ज्याने मायचं रान घेतलं त्यानेच तिचं पाणी बघावं, असं तिने कालच बजावलं होतं.

"मशीन नीट हाय," तो म्हणाला. "तुजं कार्ड खराब झालंय, माय."

तिने कार्ड पदराने खालीवर पुसलं, त्यावर फुंकर मारली आणि पुन्हा टेकवलं.

४१७ बंद.

मागच्या बायका कुरकुरू लागल्या.

"थांबा गं जरा," माय त्यांना म्हणाली. "माज्या पोरानं केलेलं हाय ते. त्येचं चुकत न्हाई. माज्याच हातानं कार्ड खराब झालं."

४१७ बंद. ४१७ बंद. पडद्यावर ओळीखाली ओळ पडत गेली. शहादेवने वायर काढून घेतली, लॅपटॉप मिटला आणि तो ऑफिसकडे निघाला. माय अजून कार्ड पुसतच होती.