गाडी किती बसते

मातीतल्या मोटारसायकल शर्यतीसाठी गाडीला काय काय लावायचं याची यादी भाचीने स्टिकरपासून सुरू केली, तेव्हाच माझं डोकं फिरलं.

"मामा, सायलेन्सरही मोठ्या आवाजाचा हवा. बाबांचा होता तसा."

"आवाजाने गाडी पळत नाही. हातांना गार्ड, इंजिनखाली जाड पत्रा आणि मागची स्प्रिंग तुझ्या वजनाची. बाकी सगळी नटवानटवी. बस गाडीवर."

तिचे बाबा म्हणजे माझे दाजी. गेल्या वर्षी याच शर्यतीत, याच गाडीवर गेले. गाडी मीच तयार केली होती. माणूस बसला की मागून गाडी किती खाली बसते ते मोजतात. दहा सेंटीमीटर बसायला हवी, दाजींखाली चौदा बसली. स्प्रिंग मऊ पडतेय हे मला कळत होतं. पण त्यांना सायलेन्सरची हौस आणि मलाही. "स्प्रिंग पुढच्या वेळी बघू," मी म्हणालो. मोठ्या उडीवरून गाडी मागून पार खाली आदळली आणि तिने त्यांना फेकून दिलं. खडूने लिहिलेला तो चौदा अजून भिंतीवर आहे. पुसायला हात धजत नाही.

भाची भिंतीला कोपर टेकवून गाडीवर बसली. मी टेप लावला. चौदा.

"वजन किती म्हणालीस?"

"बावन्न. मामा, तुझा टेप म्हातारा झालाय."

काट्यावर उभी केली. बावन्नच. दुसरा टेप आणला. चौदा. या स्प्रिंगवर एवढी गाडी बसते ती चौऱ्याऐंशी किलोंच्या माणसाखाली, दाजींखाली.

शर्यत उद्यावर आलेली. कडक स्प्रिंग टाकावी आणि टेप खोटा निघावा, तर बावन्न किलोंच्या पोरीला गाडी खड्ड्याखड्ड्याला उडवणार. न टाकावी आणि टेप खरा निघावा, तर पुन्हा तीच उडी.

दाजींच्या वजनाची स्प्रिंग फळीवर होती. ते गेल्यावर आणली होती. का, ते विचारू नका. दोन तास खपून ती बसवली, भाचीला पुन्हा बसवलं, टेप लावला. दहा. अगदी काटेकोर.

"झालं ना?" ती उतरायला निघाली.

"हलू नकोस!" मी ओरडलो. टेपवरचा आकडा सरकत होता. नऊ. आठ. सात. गाडी तिच्याखाली हळूहळू वर येत होती. सहावर थांबली.

"मामा, तू उचलतोयस?"

माझे दोन्ही हात टेपवर होते.

दाराजवळचं बाकडं करकरलं. माझं काम बघत दाजी तिथेच बसायचे. भाचीने वळून पाहिलं. बाकडं रिकामं होतं.

मला रडू आवरेना. काढलेली मऊ स्प्रिंग, एकट्या बावन्न किलोंना पुरेल अशी, मी पुन्हा हातात घेतली.

"बसा दाजी," मी म्हणालो, "आता तिची बसवतो."