माधवनगरची ती फेरी

मित्रांनो, कवठे महांकाळच्या एसटी स्टँडबाहेर सांगली, सांगली अशी हाक घालत जी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं भरणारी, जीप उभी असायची, ती मी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या हुडाला ठिगळं आहेत आणि दारं दोरीने बांधावी लागतात.

माझा मालक धनाजी. घरची मेंढरं विकून त्याने मला आणलं. त्याची बायको मनुबाई दसऱ्याला माझ्या बॉनेटवर हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायची. मी डाळिंबाचे क्रेट वाहिले, शेळ्या वाहिल्या, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. "धनाजीच्या गाडीत पोटातलं पाणी हालत न्हाई," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

त्यांची एकुलती एक लेक उत्कर्षा सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात शिकत होती. पुढच्या सीटवर बसून ती मोठमोठ्याने पाठांतर करायची. एका हिवाळ्यात ती कॉलेजच्या सहलीबरोबर लांबच्या शहरात गेली. तिथल्या बाजारात कोणीतरी बॉम्ब ठेवला होता. उत्कर्षा परत आली ती पांढऱ्या कापडात गुंडाळून.

त्यानंतर धनाजीने माझी किल्ली खुंटीला अडकवली. माझ्या टायरांतली हवा गेली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग एके दुपारी धनाजीचा धाकटा भाऊ बिरदेव गावातली पोरं घेऊन अंगणात आला. त्याच्या हातात पेट्रोलचा कॅन होता. बॉम्ब ठेवल्याच्या संशयावरून एकाला पकडलं होतं, आणि त्याची सख्खी बहीण सांगलीजवळच्या माधवनगरात राहते असं त्यांना कळलं होतं.

"दादा, किल्ली दे," बिरदेव म्हणाला. "जळनं म्हंजी काय असतं त्ये त्या घराला कळू दे."

पोरांनी माझ्या टायरांत हवा भरली. धनाजी किल्ली काढायला उठला. तेवढ्यात मनुबाई बाहेर आली.

"आवं, किल्ली कुनाला देऊ नगा. गाडी तुमीच चालवा. मी पन येती."

"वैनी, तुमी कशाला?"

"लेक माझी गेली हाय, भावजी. फुडं मीच बसनार."

आम्ही निघालो. मागे कॅन हिंदकळत होता आणि पेट्रोल माझ्या पत्र्यावर सांडत होतं. एक पोरगा सारखी काडीपेटी खुळखुळवत होता. मित्रांनो, मी जन्मभर माणसं पोचवली, त्या दिवशी मात्र आग पोचवायला निघाले होते. मला थांबायचं होतं, पण गाडीला कुठे थांबता येतं? भीतीने माझं इंजिन थरथरत होतं. धनाजीला वाटलं, बरेच दिवस बंद होती म्हणून धडधडते आहे.

माधवनगरच्या त्या बोळात आधीच गर्दी जमली होती. शेजारचे यंत्रमाग बंद पडले होते. एका घराच्या दारावर दगड आदळत होते आणि आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मनुबाई उतरली. स्फोटात गेलेल्या पोरीची आई आली म्हणून लोकांनी वाट दिली.

"दार उघड, बाई. मी उत्कर्षाची आई."

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. संशयिताची बहीण माया लेकराला छातीशी धरून बाहेर आली आणि तिने मनुबाईचे पाय धरले.

"मावशी, मला मारा, पण माझ्या बाळाला काही करू नका."

मनुबाईचा हात वर गेला. आता ती मारणार, असं मला वाटलं. पण त्याच हाताने तिने मायाला दंडाला धरून उभं केलं.

"तुला ठाव व्हतं का?"

"देवाशपथ नाही. भाऊ एक पिशवी घेऊन आला होता, एक रात्र राहून गेला. स्फोटानंतर त्याचा फोन आला. पिशवीचं कुणाला बोललीस तर बघ, म्हणाला. मी घाबरले, मावशी. गप्प बसले."

"कोर्टात सांगशील ह्ये?"

"जिवंत राहिले तर सांगेन."

मनुबाई वळली. "ऐकलं, भावजी? हिला जाळलं तर माझ्या पोरीच्या बाजूनं बोलनार कोन? आन ह्या तान्ह्यानं काय केलंया?"

धनाजीने कॅन उचलून गटारात पालथा केला आणि मायाला माझ्यात बसवलं. पण बिरदेव माझ्या समोर आडवा उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने पोराच्या हातातली काडीपेटी हिसकावली होती, आणि माझा पत्रा अजून पेट्रोलने ओला होता.

"बिरदेव," मनुबाईने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "सर बाजूला. न्हाईतर माझ्यासकट पेटव."

तो सरला नाही, तो रस्त्यातच मटकन खाली बसला. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं. आम्ही निघालो तसा गर्दीतून दगड आला आणि माझी पुढची काच फुटली. धनाजीच्या कपाळातून रक्त आलं, तरी विश्रामबागच्या पोलीस ठाण्यापर्यंत त्याने मला थांबवलं नाही.

खटला पुष्कळ दिवस चालला. मायाने भावासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मनुबाईने न्यायाधीश साहेबांना एवढंच म्हटलं, "त्याला सोडू नगा. पर त्याच्या घरच्यांस्नी कुनी तरास देऊ नगा." त्याला जन्मठेप झाली. त्या संध्याकाळी परतताना धनाजी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. लेक काही परत येणार नव्हती.

बॉम्ब ठेवणाऱ्याच्या बहिणीला वाचवलं म्हणून पुढे गावातले पुष्कळ लोक माझ्यात बसेनासे झाले. बिरदेव अजूनही अंगणात येत नाही. मी परसात गंजते आहे. माया मात्र कधी कधी लेकराला घेऊन मनुबाईकडे येते. दोघी सोबत बसून शेंगा फोडतात.

मित्रांनो, गाडीला नाही म्हणता येत नाही. तिला ज्या वाटेला लावाल त्या वाटेने ती जाते. तुम्हाला मात्र तोंड आहे. रागाने पेटलेली माणसं चल म्हणतील, तेव्हा चढण्याआधी विचारा, आपण कुठे चाललो आहोत, आणि आपण परत निघू तेव्हा तिथे कोण जिवंत उरलेलं नसेल?