कलाकार : केदारनाथ

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी नेकनूरचा बाजार होता. बाजारच्या दिवशी ते जेवायला घरी येत नसत, म्हणून मी डबा घेऊन दुकानात गेले. आमचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, म्होरक्या, झुली, आणि दाराशी टांगलेल्या घुंगरमाळा. गिऱ्हाईक जरा कमी झालं तसा मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यात मी काढलेलं एक चित्र होतं, सोळा आडव्या आणि सोळा उभ्या घरांत बसवलेलं.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल हातभर लांब नेला.

“ही काय जिलेबी हाय का?”

“घुंगरमाळ हाय, अप्पा.”

“पितळ आसं आसतंय व्हय? नव्या पितळाला हळदीचा रंग, बैलाच्या गळ्यातल्या पितळाला चहाचा. आन् चीर कुठंय?”

“कसली चीर?”

“घुंगराची, बाई. चिरीबिगर वाजल कसं? मुकं घुंगरू घेऊन बैलाला काय हसवायचंय?”

माझ्या चित्रातलं एकेक घुंगरू चार घरांचं होतं. त्यात चीर दाखवायची म्हणजे एक घर काळं करायचं. मी तिथंच, उभ्याउभ्या केलं. पिवळ्याचा चहा केला. अप्पांनी पुन्हा मोबाइल लांब धरला आणि म्हणाले, “आता वाजल.”

हे चित्र एका ऑनलाइन गेमसाठी होतं. त्यात चौकोनी ठोकळ्यांचं एक जग असतं. माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात उतरतात, घरं बांधतात, शेती करतात, मारामाऱ्या करतात. माझा धाकटा भाऊ केदारनाथ पुण्याला नोकरी करतो. त्याने मित्रांबरोबर या गेमचा एक मराठी सर्व्हर काढला. नाव ‘बालाघाट’. रोज दोन-तीनशे पोरं त्यावर असतात. मूळ गेममधल्या तलवारी आणि ब्रेड काढून तिथं आपल्याकडच्या वस्तू दिसाव्यात, ही कल्पना त्याची. चित्रं माझी. मी बीडच्या कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते, आणि चार वर्षं रोज संध्याकाळी दोनशे छप्पन घरांत कोयता, गोफण, शिंकाळं, भाकरी, हुरड्याचं कणीस बसवत आले. चाळीस वस्तू झाल्या होत्या. घुंगरमाळ एक्केचाळिसावी. बहुतेक वस्तू अप्पांनीच कुठून कुठून आणून माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक चित्राला नावं ठेवली होती.

गेममध्ये वस्तूवर बाण नेला की तिचं नाव येतं. त्याखाली बारीक अक्षरांत येतं, ‘कलाकार : केदारनाथ’.

सुरुवातीला तिथं माझं नाव होतं. रुद्राणी. पहिल्याच वर्षी दिंद्रुडकडच्या एका पोरानं नाव-गाव जुळवलं, गेममधल्या गप्पांत माझ्याबद्दल घाण लिहिलं, आणि पुढच्या बाजारी दोन दोस्तांना घेऊन दुकानात आला. कासरा बघितल्यासारखं करत अप्पांना विचारलं, “काका, तुमची रुद्राणी ऑनलाइन कधी आसती?” आणि तिघंही हसले. अप्पांनी त्यांना काहीच म्हटलं नाही. घरी आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, “नाव काढ तुझं. केदारचं टाक. घरचंच हाय की.”

सगळी नावं एका झटक्यात बदलता येतात. मी तसं केलं नाही. तेव्हा सतरा वस्तू होत्या. सतरा वेळा स्वतःचं नाव खोडून भावाचं लिहिलं. अप्पा मागे खुर्चीत बसून होते. घाण लिहिणारा पोरगा आजही सर्व्हरवर आहे. त्याचं नाव कुणी बदलायला लावलं नाही.

तर, बाजारच्या दिवशी. अप्पा चिरीवर खूश होते. चौसाळ्याचा परमेश्वर, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, झूल बघत होता. अप्पांनी माझा मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

“हे बग. वळख काय ते.”

“माळ हाय की घुंगराची. लई झ्याक. कुणी काढली?”

मी दीड हातावर उभी होते. माझ्या हातात रिकामा डबा होता.

“आमच्या केदारनं,” अप्पा म्हणाले. “पुण्याला आसतो न्हवं. सगळं दुकान घातलंय त्यानं गेममधी.”

हे ते पहिल्यांदा म्हणत नव्हते. तीन वर्षं ते बाजारात हेच सांगत होते. पण तेव्हा मी समोर नसायची. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अडखळलेही नाहीत. इतक्या वेळा सांगून त्यांना ते खरं वाटायला लागलं असावं. मी मोबाइल घेतला आणि घरी आले.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, “माळ चढवली का गं गेममधी? बैलाच्या गळ्यात कशी दिसती?”

मी म्हटलं, “ते केदारला विचारा.”

आईनं वर बघितलं. अप्पांनी भाकरी मोडली, ती तशीच ताटात ठेवली, आणि थोड्या वेळानं उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरखंडाचा गठ्ठा उचलताना ते दुकानातच कोसळले. गाडी बीडला पोचेपर्यंत संपलं होतं. मी कॉलेजात तासावर होते. आमच्यात शेवटचं बोलणं तेच झालं. लोक म्हणतात, शेवटचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. ज्यांची शेवटची बोलणी बरी झालेली असतात तेच असं म्हणतात.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. लहानपणी गळ्यात पडलेलं इष्टलिंग माणूस जन्मभर अंगावर वागवतो. ते कुणाला देत नाहीत, काढून ठेवत नाहीत. शेवटी तेच त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि वर बेल, विभूती, माती. मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला माणसाचं सगळं येतं, एवढी एक गोष्ट सोडून. स्वामी मंत्र म्हणत होते तेव्हा केदार वाकून मोबाइलमध्ये फोटो घेत होता. मला वाटलं, आठवण म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला.

“अक्का, सर्व्हरवर अप्पांसाठी कार्यक्रम ठेवलाय. शिवगणाराधनेच्या दिवशीच, चार वाजता. सगळी पोरं येणार हायेत. तू एक वस्तू करून दे.”

“कोणती?”

“अप्पांचं लिंग. चांदीच्या डबीसकट. हजर आसंल त्याला एकेक मिळंल. आठवण राहील.”



“गेममध्ये माणूस मेला की काय होतं, केदार?”

“काय होतंय? जवळचं सगळं खाली पडतंय.”

“आणि?”

“आणि काय, जो आधी येईल तो उचलतो.”

“मग?”

“मग काय? अक्का, तू कॉलेजात शिकवतीस, मला काय परीक्षेला बसवायलीस का?”

“लिंग खाली पडणार, केदार. कोणीही उचलणार, बाजारात विकणार. तुला खरंच कळंना?”

“गेम हाय गं तो.”

“मग त्यात अप्पा काऊन घालतोस?”

तो उठला. दारातून म्हणाला, “तुझं सदा आसंच. अप्पांसाठी एक चित्र काढायला जीवावर आलं तुझ्या.”

चाळीस काढली होती. त्याच्या नावानं.

पाचव्या दिवशी शिवगणाराधना झाली, इतरांकडच्या तेराव्यासारखी. जंगम स्वामींना वाढून झालं, पंगती उठल्या. पुढच्या खोलीत पाहुणे आणि बाजारातली माणसं टेकून बसली होती. चौसाळ्याहून परमेश्वरही आला होता. बरोबर चारला केदारनं लॅपटॉप टीव्हीला जोडला, माइक चालू केला आणि सगळ्यांना सांगितलं की आता आमच्या अप्पांना, शिवलिंगप्पांना, ऑनलाइन श्रद्धांजली आहे.

टीव्हीवर बालाघाटचा बाजार दिसला. मी रंगवलेल्या वस्तूंची दुकानं, आणि समोर शे-दीडशे चौकोनी माणसं ओळीनं उभी. पाहुणे कौतुकानं पुढे सरकले. केदार माइकवर बोलायला लागला, आवाज कापत होता, आणि ते कापणं खरं होतं हे मला कबूल करावं लागेल. मग त्यानं नवी वस्तू वाटली. मी नाही म्हटल्यावर त्यानं पुण्याच्या मित्राकडून, अभिमन्यूकडून ती करून घेतली होती. समाधीतला फोटो पाठवून. अप्पांचा तळहात मोठा करून.

काळं लिंग, बाजूला चांदीची पांढरी कड. बाण नेला की खाली, ‘कलाकार : केदारनाथ’. आता ते नाव तिसऱ्याच माणसाच्या कामाखाली होतं.

मी उठून जाणार होते. तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात पोरांचं लिहिणं भराभर वर सरकायला लागलं.

‘माझ्या बैलाच्या गळ्यात हे काय आलं बे?’

‘माझ्या पण.’

‘माझ्या पेटीत बारा हायेत. कुणाला पायजेत?’

कुणीतरी बैल पुढे आणला. त्याच्या गळ्यात घुंगरमाळेच्या जागी अप्पांचं लिंग लटकत होतं. मागे आणखी दोन बैल, त्यांच्याही गळ्यात. एका पोराला दुसऱ्यानं गमतीनं मारलं, तो पडला, आणि मातीत पाच-सहा लिंगं गोल फिरत पडली. दोघं-तिघं ती उचलायला धावले.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती पुढे सरकली, टीव्हीजवळ गेली आणि डोळे बारीक केले.

“केदार,” ती म्हणाली, “लिंग बैलाच्या गळ्यात काऊन बांधलंय रे?”

केदारनं माइकवर हात ठेवला. “अक्का, कायतरी चुकलंय. बघ की लवकर.”

काय चुकलंय ते मला टीव्हीवर बघूनच कळलं होतं. प्रत्येक नव्या वस्तूला एक क्रमांक द्यावा लागतो. एकच क्रमांक दोन चित्रांना दिला तर नंतरचं चित्र आधीच्यावर बसतं, सगळ्यांच्या पडद्यावर, एकाच वेळी. अप्पा गेले त्या सकाळी, कॉलेजला जाण्याआधी, मी घुंगरमाळ चढवली होती. रागात होते तरी चढवली होती, संध्याकाळी त्यांना दाखवायची म्हणून. क्रमांक एक्केचाळीस. चार-पाच दिवसांत ती शंभर बैलांच्या गळ्यात गेली होती. अभिमन्यूजवळ आधीची यादी होती. त्यात चाळीसच वस्तू होत्या. त्यानं लिंगाला एक्केचाळीस दिला. आणि केदारनं तपासलं नाही, कारण कुठल्या वस्तूला कुठला क्रमांक हे त्याला कधी माहीतच नव्हतं. त्या चित्रांचा कलाकार तो होता ना.

मी लॅपटॉप पुढे ओढला. यादीतली अभिमन्यूची ओळ काढली, त्याचं चित्र काढून टाकलं, सगळ्या चित्रांचा पॅक पुन्हा चढवला. एक मिनिटभर टीव्हीवर, चित्र सापडलं नाही की येतात तसे, जांभळे-काळे चौकोन दिसले आणि मग बैलांच्या गळ्यात माळा आल्या. चहाच्या रंगाच्या.

खोलीनं श्वास सोडला. परमेश्वर गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकला.

“ही, हीच ती. परवाच्या बाजारी शिवलिंगप्पानं दावली होती मला. केदारनं काढल्याली. घुंगराची चीर सुदीक सोडली न्हाई बगा पोरानं.”

“बापाचं नाव काढलं,” कुणीतरी म्हणालं.

केदारनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून त्यानं सगळ्यांना हात जोडले. अगदी अप्पांसारखे, बोटं जुळवून. ते जोडलेले हात मी बघत होते आणि मला अप्पांचाच राग आला, जिवंत माणसाचा यावा तसा. बाजारातल्या दीड हाताच्या अंतराचा. तीन टवाळ पोरांपुढे गप्प बसून घरी येऊन मला खोडायला लावलं त्याचा. एवढं सगळं माझ्या हातात देऊन, एकेक रंग शिकवून, नाव तेवढं काढून घेतलं त्याचा. आणि मी खोडलं त्याचा.

माइकवर केदारचा हात आता नव्हता. तिथला हिरवा दिवा लागलेला होता. मी लॅपटॉप जवळच घेऊन बसले होते.

“परमेश्वरकाका,” मी म्हटलं. “ती माळ केदारनं न्हाई काढली. मी काढली.”

“अक्का,” केदार म्हणाला, “माइक चालू हाय.”

“माहीत हाय. म्हणूनच बोलतेय.” गेममधली चौकोनी माणसं जागची हलत नव्हती. “तिथं दिसतंय ते सगळं मी काढलंय. कोयता, गोफण, शिंकाळं, माळ. मी रुद्राणी. माझं नाव त्यावर होतं. अप्पांनी काढायला लावलं, कारण तिघं टवाळ दुकानात येऊन हसले आणि अप्पा त्यांना भ्यायले. त्या दिवशी मी गप्प बसले. मी काढलेली माळ अप्पांनी काकाला केदारची म्हणून दावली, मी तिथंच उभी होते, तवाही गप्प बसले.”

“रुद्रा, आज नको,” आई म्हणाली. “आजच्या दिवशी नको गं.”

“त्यांच्यासमोर बोलायचं होतं, आई. त्यांच्यासमोर न्हाई बोलले. आता बोलते.” माझा आवाज टीव्हीतून परत येत होता, थोडा उशिरानं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. “अप्पा, तुमी चुकलात. तुमी मला सगळं शिकवलं आणि मला लपवलं. मला तुमचा राग हाय. तुमी गेलात म्हणून तो गेला न्हाई.”