नैवेद्याला गेलेला प्रयोग

दहावीनंतर काय घ्यायचं, हा प्रश्न आमच्या घराण्यात कधी कुणाला पडलाच नाही. मार्केट यार्डात फळांचा गाळा आहे, वारज्यातली जमीन बिल्डरला देऊन तिथेच फ्लॅट घेतलेत. तेव्हा पोरांनी कॉमर्स घ्यायचं आणि धंदा बघायचा, हे बारशालाच ठरलेलं असतं. माझे थोरले बंधू हिंदुराव यांच्या विक्रमने मधे इंजिनिअरिंगची हौस करून घेतली. चार वर्षं शिकला, दोन वर्षं नोकरी शोधली आणि अखेर गाळ्यावरच येऊन बसला. तेव्हापासून हिंदुराव 'सायन्स' हा शब्द चूळ टाकल्यासारखा उच्चारतात.

म्हणून माझी ऋतिका दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि "पप्पा, मला सायन्स घ्यायचंय" म्हणाली, तेव्हा मी हसलो.

"आपल्यात कोण झालंय गं शास्त्रज्ञ? ती माणसं वेगळी असतात."

"वेगळी म्हणजे कशी?"

आता याचं उत्तर मला कुठे ठाऊक होतं? मी जन्मात एकही शास्त्रज्ञ जवळून पाहिला नव्हता. फोटोत पाहिले होते, तेही बहुतेक हार घातलेले.

पोरगी हट्टी, माझ्यावरच गेलेली. तिने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. एका संशोधन संस्थेचं उन्हाळी शिबिर होतं. घरी एखादा प्रयोग करायचा, तिथे जाऊन तो समजावून सांगायचा, पटला तर निवड. मी पडलो व्यापारी. लगेच सौदा केला. "निवड झाली तर सायन्स. नाही झाली तर मुकाट्याने कॉमर्स. मग रडारड चालणार नाही."

"डन," ती म्हणाली.

प्रयोगाला तिने आंबाच धरला. आढी घालताना पेंढ्यात एखादं पिकलं केळं ठेवायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. आंबा लवकर तयार होतो. का होतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण आंबे विकले जात होते. ऋतिकाला मात्र तेवढ्याने भागेना. तिने गाळ्यावरून एकाच गाडीतल्या कच्च्या हापूसच्या तीन पेट्या आणवल्या. एक पेंढ्यात, केळ्यासकट. दुसरी पेंढ्यात, केळ्याविना. तिसरी नुसती उघडी. रोज सकाळी फरशीवर मांडी ठोकून ती एकेक आंबा दाबायची, हुंगायची आणि त्याचा फोटो काढायची. लग्नाच्या मुलीचे काढत नाहीत इतके फोटो त्या आंब्यांचे निघाले.

"मी रोज हजारो आंबे दाबतो," मी एकदा म्हणालो, "मला नाही कुणी शास्त्रज्ञ म्हणत."

"तुम्ही गिऱ्हाइकासाठी दाबता," ती मान वर न करता म्हणाली.

केळ्याच्या पेटीने रंग धरला. बाकीच्या दोन्हींत कोण आधी, याचाच काय तो निकाल राहिला होता. मुलाखत दोन दिवसांवर आली आणि नेमकी मधे अक्षय तृतीया पडली. त्या दिवशी पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी आंब्याला तोंड लावत नाही. माझी बायको प्रेमला भल्या पहाटे उठली. तिन्ही पेट्यांतले बरे बरे आंबे निवडून तिने रस काढला. उरलेले सगळे एका पेटीत भरले, वर पेंढा टाकला आणि फरशी पुसून रांगोळीही काढली.

ऋतिका डोळे चोळत बाहेर आली. "आई, पेट्या कुठायत?"

"एक केली. तिन्ही अर्ध्या झाल्या होत्या, उगाच जागा अडवून बसलेल्या. केळं सडलं होतं, ते दिलं टाकून."

"पण आता कुठला आंबा कुठल्या पेटीतला, ते कसं कळणार?"

"आंबा तो आंबा," प्रेमला म्हणाली. मग पोरीचा चेहरा बघून तिच्या हातातला झाराच थांबला. "का गं? माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. घरात इतके दिवस प्रयोग चालला होता आणि तो कसला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ऋतिकाने मला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलं होतं. आई स्वयंपाकघरात होती, तिला काय कळणार, असं आम्ही बापलेकीने परस्पर धरून टाकलं होतं. मला माझी आणि पोरीची, दोघांची लाज वाटली.

ऋतिका ओरडली नाही. पानावर बसली, रसाला हात लावला नाही. वाटी बाजूला सरकवून म्हणाली, "पप्पा, मी कॉमर्स घेते. मला नाही जमत हे."

मला हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. पण तिचा तो आवाज ऐकून मला ते घेववेना. मी म्हणालो, "अगं, एवढं काय त्यात? राहिलेल्या दिवसांचं अंदाजाने सांगून टाक. आंबे मोजायला वारज्याला कोण येतंय?"

"ते खोटं होईल."

"आमच्यात त्याला अंदाज म्हणतात."

"मग झालंय तेच सांगते आणि परत येते," ती म्हणाली. "हरायचंच आहे तर खरं सांगून हरते."

पाषाणच्या त्या संस्थेत मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. बाहेर पोरं बसली होती. कुणाच्या मॉडेलमध्ये दिवे लागत होते, कुणाचं फिरत होतं. आईवडील आपसात इंग्रजी बोलत होते. ऋतिकाच्या हातात नुसता मोबाइल. गाळ्यावर माझा आवाज अर्ध्या यार्डाला ऐकू जातो, इथे पाणी कुठे मिळेल हे विचारायलाही तो फुटेना.

दार उघडंच होतं. आत निवड करणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी नावाच्या बाई होत्या. ऋतिकाने त्यांना सगळं सांगितलं, नैवेद्यासकट.

"मग रडली असशील?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग पुढे काय केलं?"

ऋतिकाने मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. "आज सकाळी ती मिसळलेली पेटी उघडून बघितली. केळं नव्हतं, तरी त्यातले कडक हिरवे आंबे पटकन मऊ पडलेत. मला वाटतं, पिकलेला आंबासुद्धा केळ्याचंच काम करतो. पण नक्की नाही सांगता येणार, मॅडम. ते कुठल्या पेटीतले होते, मला माहीत नाही."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरचे इंग्रजी आईवडील गप्प झाले. "अवो, माह्या मायनं त माही बुरशी धुऊन टाकली होती! डब्यात वाढवली होती मी. माय म्हणे, किती घाण झाला होता तो डबा!" मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "निवड नाही करता येणार, बेटा. पुरावा अर्धाच आहे. पण पुन्हा कर आणि घेऊन ये माझ्याकडे. शिबिर नसलं तरी ये. अन् या खेपेला मायले आधी सांगजो."

ऋतिका बाहेर आली. मी उठून उभा राहिलो.

"नाही झाली," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर असा उजेड, की मला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं.

स्कूटरपाशी येईपर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं. "पप्पा, त्यांच्या बाबांचा अमरावतीला संत्र्यांचा धंदा आहे! आणि त्या तुमच्यासारख्याच हसतात, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं." मग हेल्मेटचा पट्टा ओढत म्हणाली, "सौदा लक्षात आहे माझ्या. पण मला सायन्सच घ्यायचंय."

"मग अट काय शोभेला घातली होती मी?"

"मी डन म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं, हरले की नकोसं होईल." ती माझ्याकडे बघत होती. "आज हरले. नाही झालं नकोसं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. हिंदुराव. त्यांना कुठल्याही घरचा निकाल आधी लागतो.

"काय झालं रं पोरीचं?"

"निवड नाही झाली, दादा."

"बरं झालं. सुट्टी हाय तवर गाळ्यावर बसीव तिला. हिशेब शिकंल."

"ती सायन्स घेतेय."

"आरं, पन निवड न्हाई झाली म्हनतोस ना?"

"नाही झाली."

"मंग कशापायी घेतीया?"

मी ऋतिकाकडे पाहिलं. हेल्मेट तसंच हातात धरून ती उभी होती. गाळ्यावरचा माझा आवाज भर रस्त्यात परत फुटला.

"तिला हवंय म्हणून," मी म्हणालो.

हे कारण आमच्या घराण्यात आजवर कुणी दिलंच नव्हतं, त्यामुळे दादांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "काय झालं रं पोरीचं?"